वर जास्त, खाली कमी

स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला नारळाची एक करटी टांगलेली असायची. घासून घासून काळी कुळकुळीत झालेली. तिला एरवी कोणी हात लावत नसे, डाळ-तांदूळ मोजायलाही नाही. वर्षातून तीन-चार वेळा ती खिळ्यावरून खाली यायची, आणि ती खाली आली की आम्हा पोरांना कळायचं, आज धोंडस, म्हणजे तवशाचं, पिकल्या काकडीचं, भाजलेलं गोड.

आजीला ती तिच्या सासूने दिलेली. म्हणजे खरं तर तीच नव्हे. मूळ करटीला एकदा चीर गेली. आजीने त्या चिरेला भिजवलेली कणीक थापली, करटी काठोकाठ पाण्याने भरली आणि ते पाणी तांब्यात ओतून ठेवलं. मग परसातले नारळ सोलून फोडायला बसली. एकेक करटी घासायची, तांब्यातलं पाणी ओतून बघायची. कुठे पाणी सांडायचं, कुठे कमी पडायचं. आठव्या नारळाला माप जुळलं. त्या आठवड्यात घरात प्रत्येक कालवणात, भाजीत आणि न्याहारीत खोबरं होतं असं आत्या अजून सांगते. मी मोठा झाल्यावर त्या करटीत पाणी भरून मोजलं: 240 मिली. बाजारात मापाचा मोठा कप मिळतो तेवढीच. तेव्हा पणजीची करटी नाही म्हणून कोणी अडून बसायला नको.

माझा धंदा वायरमनचा. दुकान कणकवलीत, घर आचऱ्याच्या वाटेवर. धोंडस मी आईकडून शिकलो नाही, तिला गोडाचं करायला कधी आवडलंच नाही. आजी करायची आणि विस्तवाचं काम माझ्याकडे असायचं. इंगळे आणायचे, झाकणावर मांडायचे, विझत आले की बदलायचे. त्यामुळे टोपात काय घालायचं हे मला पुष्कळ उशिरा कळलं, पण टोपाच्या वर आणि खाली काय पाहिजे ते आठव्या-नवव्या वर्षीच ठाऊक झालं. आता लोक मला प्रमाण विचारतात. प्रमाणात काही नाही, ते लगेच सांगून टाकतो.

तवशाचा कीस, त्याच्या पाण्यासकट, चार करट्या. तांदळाचा रवा दोन करट्या. चिरलेला गूळ दीड करटी. ओलं खोबरं एक करटी, भरून. साजूक तूप चार मोठे चमचे, शिवाय टोपाला लावायला वेगळं. मूठभर काजूगर, सात-आठ वेलच्या, जायफळ थोडंसं उगाळून, मीठ अर्धा चहाचा चमचा, हळद दोन चिमटी. पाणी नाही, दूध नाही, अंडं नाही, सोडा नाही. एवढ्यात आठ-दहा माणसांचं होतं. वजनात हवं असेल तर माझ्या काट्यावर रवा साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर, गूळ 300 ग्रॅम आणि सोलून, बिया काढून किसलेलं तवसं 900 ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे बाजारातून आणताना दीड किलोचं आणायचं.

सोड्यावरून आमच्या घरात भांडण आहे. धाकटी काकी चिमूटभर खायचा सोडा घालते आणि 'हलका होता' म्हणते. होतं थोडं हलकं, पण गुळात सोडा पडला की रंग काळपट येतो आणि घशाशी साबणासारखी चव राहते. धोंडस हलकं असायची गरजच काय? तांदळाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो फुगवून धरणार कशाने? घट्ट, ओलसर, सुरीने कापलं की कड सरळ राहील असं ते हवं. मुंबईची पाहुणे मंडळी 'काकडीचा केक' म्हणून खातात आणि मग स्पंजसारखं का नाही म्हणून विचारतात. सावंतवाडीच्या पुढे गोव्यात गेलात तर ह्यालाच तवसळी म्हणतात. आमच्या वाडीच्या पलीकडे ख्रिस्ती घरं आहेत. तिथे नाताळात रवा-नारळाची बाथ होते, तिच्यात अंडी असतात, ती खुशाल फुगते. धोंडसाने तिची बरोबरी करू नये.

तवसं

श्रावणात येतं ते कोवळं हिरवं तवसं कोशिंबिरीचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली शीतल काकडीही कोवळीच खावी, झकास लागते. धोंडसाला मात्र वेलावर पिकलेलं, साल पिवळी-तांबूस झालेलं आणि हातात घेतल्यावर जड लागणारं तवसं पाहिजे. गणपतीच्या वर माटवी बांधतात तिला नारळ, सुपारीचे घड, कवंडळं यांच्या जोडीला एक तवसं टांगलेलं असतं. आमच्याकडे गणपती पोचवून आले की माटवी सोडतात आणि त्यातलं तवसं धोंडसाला जातं. वर्षातलं पहिलं धोंडस ते. बाकीची तवसी केळीच्या सोपटाने बांधून माळ्याच्या वाशांना टांगायची, एकमेकांना न टेकता. टेकली की तिथून कुजतात. अशी टांगलेली दिवाळीपर्यंत सहज राहतात, बरं साल असेल तर त्यापुढेही. जितकं जुनं तितका त्याचा आंबूस-गोड वास वाढतो, आणि धोंडसात तो वास उतरायला हवा.

चिरल्यावर पहिलं काम, चाखणं. देठाकडची चकती आणि मधला एक तुकडा, दोन्ही. कडवटपणा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो. नुसतं देठ कडू असेल तर चार बोटं कापून टाका, पुन्हा चाखा. मधला गरही कडू लागला तर ते तवसं धोंडसाला नाही, भाजीलाही नाही, थेट उकिरड्यावर. काकडीतला हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा. तो शिजवून जात नाही, गूळ वाढवून झाकला जात नाही, आणि जास्त पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. आजी याचं खापर कुंपणावरच्या कारटाच्या वेलावर फोडायची. दिवाळीच्या पहाटे पायाखाली फोडतो तेच हे कडू कारीट. 'शेजार वायट' म्हणायची. खरं कारण बहुतेक वेळा पाण्याचं असतं. मधे पाऊस दडी मारतो, ऊन तापतं, वेलाला ताण बसतो आणि फळ कडू होतं. कारटाची त्यात चूक नाही, पण आजीपुढे त्याची बाजू घेण्याची कोणाची छाती नव्हती.

साल काढून तवसं उभं चिरायचं, बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत मगज चमच्याने ओढून काढायचा. मगज फेकू नका. तो चाळणीवर चोळला की खाली रस पडतो. हा रस किसातच मोजायचा. बिया धुऊन, राखेत घोळून, कागदावर सुकत घालायच्या. पूर्वी शेणात कालवून भिंतीवर थापत, मिरगाला तिथूनच खरवडून काढत. किसणी मोठ्या भोकांची घ्या. बारीक किसलं तर लगदा होतो आणि खाताना तवसं कुठे आहे ते लागत नाही.

आता पाण्याचं. तवशात जवळजवळ सगळं पाणीच, शंभरात पंचाण्णव भाग. कीस पिळून पाणी टाकायची सवय कोशिंबिरीतून येते, ती इथे सोडायची. आणि पाणी घालायची सवय शिऱ्यातून येते, तीही सोडायची. बाविसाव्या वर्षी डोंबिवलीत खोलीवर राहत असताना मी पहिल्यांदा एकट्याने धोंडस केलं. तवसं मिळालं नाही म्हणून सालडाच्या खिऱ्याच्या काकड्या घेतल्या, आणि शिऱ्याला घालतो तसं वर दोन वाट्या पाणी ओतलं. दोन तास झाले तरी ते टोपात हिंदकळत होतं. शेवटी खोलीतल्या चौघांनी ते खीर म्हणून वाट्यांतून प्यायलं. सुट्टीत गावी आल्यावर आजीला सांगितलं तर ती हसली नाही, उलट रागावली. 'पाणी कित्याक घातलंस? तवश्यात पाणीच आसा मा!'

खिरा वापरायचाच असेल तर जून, जाड बघून घ्या, किसल्यावर पाव भाग आटेपर्यंत नुसताच शिजवा आणि मग पुढे जा. चालतं. वास येत नाही, एवढंच.

रवा आणि टोप

रवा तांदळाचा. तांदूळ धुऊन, रोवळीत निथळून, सावलीत फडक्यावर पूर्ण सुकवायचा आणि जात्यावर किंवा मिक्सरवर रवाळ काढायचा. मिक्सर फिरवताना सलग फिरवू नका, थांबून थांबून, नाहीतर खाली पीठ आणि वर अख्खे दाणे. मग चाळून पीठ वेगळं करा, ते घावनाला जाईल. गावठी लाल तांदूळ असेल तर चव वेगळीच, पण तो फुलायला वेळ घेतो. बासमती नको. त्याचा वास तवशाच्या वासाशी भांडतो. गव्हाचा रवा घालून करणारे आहेत. मी त्याला धोंडस म्हणत नाही, ते म्हणतात. असो.

जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तूप, त्यात काजूगर परतून बाजूला. त्याच तुपात रवा मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजायचा. लाल करायचा नाही. दाणा मोकळा झाला, हाताला गरम आणि कोरडा लागला, भाजल्याचा वास सुटला की उतरवा. तूप दाण्याला बसलं की पुढे गोळे होत नाहीत.

आता टोपात कीस, रस, गूळ, मीठ, हळद एकत्र करून चुलीवर चढवा. गूळ घाटावरून येतो तो चांगला पिवळसर कोल्हापुरी घ्या, चिकीचा चिवट गूळ नको. गूळ विरघळून कीस पारदर्शक दिसायला लागला, एक चांगली उकळी आली की खोबरं घाला. मग एका हाताने रवा भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. सुरुवातीला ते पातळ वाटेल. घाबरून वरून आणखी रवा टाकू नका, इथेच बहुतेकांचं धोंडस दगड होतं. तांदळाच्या दाण्यात पाणी शिरून तो फुलायला वेळ लागतो, सत्तर अंशांच्या आसपास गरम राहिला तरच फुलतो. तेव्हा पाच मिनिटं ढवळा, झाकण ठेवा, अगदी मंद आचेवर दहा मिनिटं, मग उतरवून झाकलेलंच अर्धा तास राहू द्या. उघडल्यावर डाव उभा राहील इतकं घट्ट दिसलं पाहिजे. दोन दाणे दाताखाली धरा. कचकच वाजले तर पाव करटी नारळाचं दूध शिंपडून परत झाका. हा कच्चेपणा भाजताना भरून निघेल असं समजू नका. निघत नाही.

वेलची, जायफळ आणि उरलेलं तूप आता. आधी घातलं तर वास वाफेबरोबर गेलेला असतो.

भाजायचा टोप जाड पितळेचा कल्हई केलेला किंवा जाड अॅल्युमिनियमचा, सव्वा वीतभर रुंद. स्टीलचा पातळ टोप घेतलात तर खाली करपणार, मग मला बोल लावू नका. टोपाला आतून तूप माखा. तळाला केळीचं पान विस्तवावर शेकून मऊ करून गोल कापून घाला. गणपतीच्या दिवसांत हळदीची पानं असतात, तेव्हा आम्ही तीच अंथरतो, आडवी-उभी. त्यावर मिश्रण थापून तीन बोटं जाडीचं करा. त्याहून जाड केलं तर मध्य कच्चा राहतो. वर ओल्या हाताने सारखं करा, काजूगर रोवा. टोपाचा वरचा भाग रिकामा राहिला पाहिजे, निदान तीन बोटं. ती रिकामी जागा कशाला ते पुढे.

विस्तव

'वर जास्ती, खाली कमी. ह्या इसारलंस तर धोंडस काळा होतला.' आजीचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की वायरिंग करताना सुद्धा कधी कधी डोक्यात वाजतं.

का, ते मला धंद्यात पडल्यावर उमगलं. खालचा विस्तव टोपाच्या बुडाला, बूड मिश्रणाला, असं सगळं एकमेकांना टेकलेलं. धातूतून उष्णता सरळ आत जाते. वर मात्र झाकण आणि मिश्रण यांच्यामध्ये हवा. हवा म्हणजे उष्णतेच्या वाटेतला आडसर, वायरीवरच्या रबरासारखा. झाकण सणसणीत तापलं तरच त्याची धग खाली उतरते. दोन्हीकडे सारखे इंगळे ठेवले तर बुडाचा गूळ जळून जातो आणि वरचा भाग पांढराफटक, ओला. रिकामी जागा अजिबात नसेल तर मिश्रण झाकणाला चिकटतं. फार असेल तर धग पोचत नाही. तीन बोटं बरोबर.

इंगळे दोन जातीचे लागतात. करटीचा इंगळा कडक, लवकर पेटतो, लवकर विझतो. नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचा, मऊ, राखेत तासन्तास धुमसत राहतो. म्हणून खाली सोडणाचे, वर करटीचे. खालचे पाच-सहा, लिंबाएवढे, चुलीतल्या राखेवर पसरून वर पुन्हा राखेचा पातळ थर. हात टोपाच्या उंचीवर धरला तर दहा आकडे मोजेपर्यंत सहन झाला पाहिजे. वर वीस-बावीस, कडेने दाट आणि मध्ये विरळ. झाकण उथळ काठाचं, म्हणजे लोखंडी ताट किंवा लहान परात. गोल फुगीर झाकणावरून इंगळे घरंगळतात. इंगळा म्हणजे ज्याचा जाळ पूर्ण बसलाय, वर पांढरी साय धरलीय तो. आजी ओरडायची, 'माका जाळ नको, इंगळे होये!' एकदा मला घाई झाली म्हणून अर्धवट पेटलेल्या करट्या झाकणावर ठेवल्या. जाळ छपराच्या झापांपर्यंत गेला नाही हे नशीब. तरी घरभर धूर झाला आणि आजोबा पडवीतून खोकत खळ्यात गेले.

वीस मिनिटांनी वरचे इंगळे बदलायचे, आणखी वीस मिनिटांनी पुन्हा. खालचे बदलायचे नाहीत. बदलताना झाकण उचलू नका, चिमट्याने इंगळे काढा आणि नवे ठेवा. शेवटी उघडायची वेळ आली की आधी सगळे इंगळे काढून, राख ओल्या फडक्याने पुसून, मग झाकण सरळ वर उचलायचं, तिरकं नाही. मी एकदा तिरकं उचललं. अर्ध्या धोंडसावर राखेचा थर बसला. आजीने तो भाग कापला, बैलाला घातला, आणि पुढच्या दोन खेपांना झाकण उघडायचं काम बहिणीला दिलं. तो अपमान अजून लक्षात आहे.

एकूण पाऊण ते एक तास. मिश्रण आधीच शिजलेलं आहे, इथे फक्त ओल आटवायची आणि रंग आणायचा आहे. झालं की नाही ते वासावर कळतं. आधी गुळाच्या पाकाचा ओला वास येतो, मग तो भाजलेल्या खोबऱ्याकडे वळतो. तिथून दहा मिनिटं. उघडल्यावर कडा टोपापासून सुटलेल्या दिसतात आणि वर बदामी रंगाची साय धरते. झापाची हीर, म्हणजे माडाच्या पातीची काडी, मध्ये खुपसून बघा. हिरीला ओलसर कण लागले तर चालतात, पातळ चिखल लागला तर परत झाका.

चूल नसेल तर

आता गावातही किती घरांत चूल पेटते? माझ्या घरी पावसाळ्यात पेटते, तीही पाणी तापवायला. मग दोन रस्ते.

गॅसवर करायचं तर जुना, कामातून गेलेला मोठा कुकर घ्या. रोजचा नको, पाण्याविना तापवल्याने भांडं खराब होतं. शिटी आणि रबर दोन्ही काढून टाका. आत दोन बोटं कोरडी धुतलेली वाळू किंवा जाडं मीठ, त्यावर जाळी, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग टोप आत आणि गॅस एकदम बारीक. सव्वा तास. हे धोंडस शिजतं छान पण वरून गोरंच राहतं, कारण वरचा विस्तव नाही. त्याला माझा उपाय, जाड बिडाचा तवा. टोप बाहेर काढा, शेजारच्या शेगडीवर तवा चांगला दहा मिनिटं तापवा आणि पकडीने उचलून टोपाच्या तोंडावर ठेवा. पाच मिनिटांनी परत तापवा, परत ठेवा. तीन खेपांत रंग येतो. फडकं कोरडं घ्या. ओल्या फडक्याने तापलेलं भांडं धरलं की वाफेने हात भाजतो.

दुसरा रस्ता ओटीजीचा, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनचा. तोच मला जास्त पसंत, कारण त्यात आजीचं वाक्य बटणावर लिहिलेलं असतं: वरची कॉइल, खालची कॉइल, दोन्ही. 180 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. टोप मधल्या नव्हे, खालच्या जाळीवर. पहिला अर्धा तास वर केळीचं पान ठेवा म्हणजे साय लवकर कडक होत नाही. पान काढून आणखी वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी बटण फक्त वरच्या कॉइलवर, 200 वर, आठ-दहा मिनिटं, आणि तिथून हलायचं नाही. दुरुस्तीला येणाऱ्या ओव्हनांत मी थर्मामीटर ठेवून बघतो. बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक नेहमीचा. म्हणून पहिल्या खेपेला पन्नासाव्या मिनिटाला हीर खुपसून बघा आणि आपल्या ओव्हनचा स्वभाव लिहून ठेवा. साधा मायक्रोवेव्ह ह्या कामाचा नाही. तो रंग आणत नाही.

कापणं

गरम कापू नका. हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगतो. तांदूळ निवल्यावरच घट्ट बसतो. गरम असताना सुरी घातली की भुगा होतो आणि मग सगळे म्हणतात बिघडलं. रात्री करायचं, टोपावर फडकं टाकून ठेवायचं, सकाळी सुरी कडेने फिरवून ताटावर उलटं करायचं. पान सोलून काढलं की बुडावर पानाच्या शिरांची नक्षी उठलेली असते. सुरीला तूप लावून वड्या पाडा. पावसाळी हवेत दोन दिवस बाहेर राहतं, फ्रिजमध्ये पाच-सहा. फ्रिजमधलं थंड धोंडस कडक लागतं, म्हणून तव्यावर थोड्या तुपात दोन्हीकडून शेकून घ्या. खरं सांगू, मला पहिल्या दिवसापेक्षा हे शेकलेलंच आवडतं, वर गूळ घातलेला नारळाचा रस. चहाबरोबर नको, चहा गोड लागत नाही.

लेक पुण्याला असते. तिला ग्रॅम, अंश, मिनिटं सगळं लिहून दिलंय, करटीचा फोटोही पाठवला. गेल्या दिवाळीत इथे आली तेव्हा तिने ओटीजीत केलं आणि मी खुर्चीत बसून सूचना दिल्या. चांगलं झालं. फक्त टोपाच्या कडेला एका बाजूने जरा जास्त लागलं, गुळाची तांबडी कुरकुरीत खरवड धरली.

आमच्या घरात खरवडीचा नियम जुना आहे. विस्तव सांभाळेल त्याची खरवड. आजी वड्या सगळ्यांना सारख्या वाटायची, पण खरवड उलथन्याने खरवडून माझ्या हातावर ठेवायची, बाकीची भावंडं बघत राहायची. त्या सवयीने मी उलथनं घेऊन उठलो. लेकीने टोप आपल्याकडे ओढला.

"बाबा, बटण कोणी फिरवलं?"